गणकाचा ग्रंथ आणि गृहस्थाचे पंचांग

पंडितांसाठी लिहावे ते खरे आणि लोकांसाठी लिहावे ते त्याचे पाणी घातलेले रूप, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवसांची आहे. व्याख्यानाला उभा राहणारा माणूस तीच समजूत घेऊन उभा राहतो आणि समोर बसलेले श्रोतेही तीच घेऊन बसलेले असतात. वक्ता आरंभीच सांगून टाकतो की विषय क्लिष्ट आहे, पण सोपा करून सांगतो. श्रोते समाधानाने मान डोलावतात. सोपे करताना नेमके काय गाळले, हे मात्र सांगावयाचे वक्ता विसरतो आणि विचारावयाचे श्रोते विसरतात. आमच्या मते सारे मर्म ह्या गाळलेल्या भागात आहे. ते पाहण्यासाठी आम्ही एकाच शास्त्राची कथा निवडली आहे, ती म्हणजे ग्रहगणिताची. पत्रिका पाहण्याशी तिचा संबंध नाही. सूर्य, चंद्र आणि ग्रह आज कोठे आहेत हे काढण्याच्या विद्येची ही गोष्ट आहे. ह्या विद्येला आपल्या देशात सदैव दोन वाचक होते. एक स्वतः गणित करणारा, आणि दुसरा उद्या एकादशी आहे की नाही एवढेच विचारणारा.

चाळीसगावापासून काही कोसांवर सह्याद्रीच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात प्रथम अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे एक मठ स्थापन केला आणि त्या प्रदेशाच्या निकुंभ घराण्यातील मांडलिकांनी मठाला उत्पन्न लावून दिले, अशी लेखाची हकीकत आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. त्यात राजवंशाची स्तुती आहे, भास्कराचार्यांच्या कुळाची परंपरा आहे. पण शेवटाशी येताच भाषा बदलते आणि दगड एकाएकी मराठी बोलू लागतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क होता तो मठाला दिला आहे, तेलाच्या दर घाण्यामागे एवढे तेल मठाला द्यावयाचे आहे, असा तो मजकूर आहे. आम्हांस ह्या बदलाचे फार कौतुक वाटते. वंशाची कीर्ती पंडितांनी वाचावयाची होती, म्हणून ती संस्कृतात गेली. तेल तेल्याने द्यावयाचे होते, म्हणून ते त्याच्या भाषेत सांगितले. ज्याच्याकडून काम व्हावयाचे त्याला समजेल असे लिहावे, एवढा व्यवहार आठशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला पुरता ठाऊक होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठी भाग हा संस्कृत भागाचा सारांश नाही. त्यात वेगळीच माहिती आहे, आणि ती संस्कृत भागाइतकीच काटेकोर आहे.

ज्या ग्रंथांसाठी हा मठ निघाला त्यांतही वाचक पाहून लिहिण्याची रीत दिसते. जुन्या गणकांनी आपल्या ग्रंथांचे तीन प्रकार मानले होते. कल्पाच्या आरंभापासून गणित मांडतो तो सिद्धांत, युगाच्या आरंभापासून मांडतो ते तंत्र, आणि एखाद्या जवळच्या शकापासून मांडते ते करण. ही वाटणी केवळ शास्त्रीय वाटते. पण प्रत्यक्ष पाटीवर गणित करू लागले म्हणजे तिच्यामागचा माणूस दिसतो. कल्पारंभापासून आजपर्यंतचे दिवस मोजले तर बारा अंकी संख्या येते. तिला गुणावयाचे आणि भागावयाचे, तेही धूळपाटीवर! शास्त्राचा पाया समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याने हे एकदा करून पाहावे. ज्याला दर वर्षी गावाचे पंचांग तयार करावयाचे आहे त्याच्याकडून ही अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. भास्कराचार्यांनी शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला तेव्हा त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. त्यावर ‘वासनाभाष्य’ नावाची टीकाही त्यांनी स्वतःच लिहिली. ‘वासना’ म्हणजे येथे रीतीमागची उपपत्ती, तिचे कारण. पुढे शके ११०५ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. ते पंचांग करणाऱ्याच्या हातात देण्याजोगे लहान पुस्तक. विद्वान तोच आणि आकाशही तेच. पण सिद्धांतात कारणे आहेत आणि करणात कृती आहे. गोल न जाणणाऱ्या गणकाची तुलना मात्र भास्कराचार्यांनी चांगला वक्ता नसलेल्या सभेशी केली आहे. म्हणजे करण वाचणाऱ्यानेही कधीतरी सिद्धांताकडे वळावे, ही अपेक्षा त्यांनी सोडलेली नव्हती.

ती अपेक्षा पुढे कशी मावळली हे समजण्यासाठी कोकणात उतरले पाहिजे. नांदगावचे केशव दैवज्ञ हे पंधराव्या शतकाच्या अखेरचे मोठे वेधकार. जुन्या ग्रंथांवरून येणारे ग्रह आकाशात त्या जागी सापडत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पुढील गणकांनीही वेध घेऊन दुरुस्ती करीत जावे असे सांगून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ. त्यांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० पासून गणित मांडतो. लाघव म्हणजे हलकेपणा, आणि ग्रंथ आपल्या नावाला पुरेपूर जागतो.

ग्रहाचे खरे स्थान काढताना पूर्वी ज्या आणि चाप ह्यांच्यावाचून चालत नसे. कंसाची ज्या कोष्टकातून घ्यावयाची, कोष्टकात नेमका अंक नसला तर मधला काढावयाचा, पुन्हा उलट ज्येवरून कंस काढावयाचा. चुका येथेच होत. गणेश दैवज्ञांनी ही सारी खटपट ग्रंथातून काढून टाकली. तिच्या जागी त्यांनी अशा युक्तीने रीती बसविल्या की साध्या गुणाकार-भागाकारांनी जवळजवळ तेच उत्तर यावे. तीच गोष्ट अहर्गणाची, म्हणजे गेलेल्या दिवसांच्या संख्येची. कलियुगापासून मोजले तर ती संख्या सोळा लाखांच्या वर जाई. गणेशांनी अकरा अकरा वर्षांची चक्रे कल्पिली. चालू शकातून १४४२ वजा करावे, बाकीला अकराने भागावे. भागाकार येईल तितकी चक्रे झाली, आणि उरलेल्या वर्षांचे तेवढे दिवस काढावयाचे. एका चक्राचे दिवस ४०१६. म्हणून दिवसांची संख्या चार अंकांपलीकडे कधीच जात नाही. शके २५०० उजाडला तरी जात नाही! ज्याने कधी हाताने लांब भागाकार केले असतील त्याला ह्या युक्तीचे मोल सांगावयास नको. ह्या कामासाठी नुसता चतुर माणूस पुरला नसता. ज्येचे गणित पूर्णपणे पचलेला माणूसच ज्येवाचून गणित बसवू शकतो. सोपे लिहिणे हे कमी जाणणाऱ्याचे काम आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ग्रहलाघवाची चार पाने उलगडून पाहावीत.

फळ अपेक्षेप्रमाणे आले. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकाचा काही भाग, आणि त्याहीपलीकडे ग्रहलाघव पसरला. ज्या गावात पूर्वी पंचांग करणारा मिळाला नसता तेथे तो मिळू लागला. आम्ही तर असे म्हणू की त्या शतकांतील कोणत्याही शास्त्रीय ग्रंथाने सामान्य गृहस्थाच्या दारात इतकी अचूक सेवा नेऊन पोचविली नसेल.

पण गाळलेले होते त्याचे काय? रीती सुटसुटीत झाल्या तशी त्यांच्यामागची कारणे दृष्टीआड गेली. मल्लारीसारख्या टीकाकारांनी ग्रहलाघवाच्या रीतींची उपपत्ती लिहून ठेवली हे खरे. पण उत्तर बरोबर येत असता उपपत्ती वाचण्याची गरज जोशीबुवांना का भासावी? पिढ्यांमागून पिढ्या रीती पाठ करीत गेल्या. इकडे आकाश कोणासाठी थांबत नाही. मूळ अंकांतील बारीक चूक दर वर्षी थोडी थोडी साचत जाते आणि तीनशे वर्षांनी ती नुसत्या डोळ्यांना दिसू लागते. ग्रहण पंचांगात दिलेल्या वेळी लागत नाही, ग्रह सांगितल्या अंशावर दिसत नाही. केशव दैवज्ञांनी अशा वेळी करावयाचे काम सांगून ठेवले होते. पण ज्याने ज्या-चाप कधी पाहिले नाहीत त्याने दुरुस्ती करावी कोठे? ह्यात गणेश दैवज्ञांचा दोष आम्ही मानत नाही. त्यांनी स्वतः लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून कारणांचीही बूज राखली होती. दोष त्या समाजाचा, ज्याने सोपा ग्रंथ घेतला आणि अवघड ग्रंथ बासनात बांधून ठेवला.

एकोणिसाव्या शतकात हे प्रकरण चव्हाट्यावर आले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ युरोपीय गणिताच्या आधारे मराठीत प्रसिद्ध केली, आणि पुढे त्यांच्या पद्धतीचे, ‘पटवर्धनी’ म्हणून ओळखले जाणारे पंचांग निघू लागले. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी सायन पंचांगाचा पक्ष घेतला. जुन्या पंचांगाचे अभिमानी होतेच. मोठा वाद माजला. सामान्य गृहस्थ मात्र भांबावून गेला. त्याच्या देव्हाऱ्यात एकच पंचांग होते. आता दोन-तीन निघाली, आणि प्रत्येकाचा कर्ता दुसऱ्याला अज्ञानी म्हणू लागला. निवाडा करावयाचा तर त्याला शास्त्र समजले पाहिजे, आणि ते त्याला समजेल अशा भाषेत कोणी लिहिलेलेच नव्हते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित पुढे आले ते ह्या ठिकाणी. जन्म १८५३ साली, कोकणातल्या दापोलीजवळच्या मुरुडचा. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शिक्षकाची नोकरी. बार्शी, धुळे, अखेरीस पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळा नाही. आयुष्य पंचेचाळीस वर्षांचेही पुरते नाही. १८९८ साली ते वारले. एवढ्या काळात ह्या मनुष्याने एकाच आकाशाविषयी तीन निरनिराळ्या वाचकांसाठी लिहिले. त्यांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

‘ज्योतिर्विलास’ हे पहिले. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटकांची झाली अठ्ठेचाळीस. जेवणे आटोपली आहेत, अंगणात किंवा गच्चीवर घोंगडी पसरली आहे, आणि झोप येईपर्यंत पाऊण तास हाताशी आहे, असा वाचक ह्या नावातच उभा केलेला आहे. मौज हा शब्दही ध्यानात घ्यावा. शिक्षकाने पुस्तक लिहावे आणि त्याला बोध किंवा सार न म्हणता मौज म्हणावे, ह्याला त्या काळी थोडे धाडसच लागले असेल.

दुसरा वाचक अगदी दुसऱ्या टोकाचा. गुप्त राजांचा शक नेमका कधी सुरू झाला ह्याविषयी पाश्चात्त्य पंडितांत जबर मतभेद होते. कोणी इ. स. ७८ च्या सुमाराचे वर्ष धरी, कोणी १६६, कोणी १९०. अल्बेरुनीने शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी, म्हणजे ३१९ च्या सुमारास, असे लिहिलेले होते; पण त्यावर सर्वांचा विश्वास नव्हता. फ्लीट हे गुप्तांचे लेख संपादित करीत होते, आणि गणितासाठी त्यांनी दीक्षितांचे साहाय्य घेतले. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा काळ कोरलेला आहे. १६५ मध्ये ३१९ मिळविले की ४८४ येतात. दीक्षितांनी त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने काढली. ती आली २१ जून ४८४ रोजी, आणि त्या दिवशी वार होता गुरुवार. अर्थात, वार सात असल्याने सातांत एकदा तो नुसत्या योगायोगानेही जुळेल. म्हणून इतर लेखांचे काळही त्यांनी तपासले, आणि परिव्राजक महाराजांच्या लेखांत येणाऱ्या गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राचा उलगडा केला. १८८८ साली फ्लीटसाहेबांचा ग्रंथ निघाला त्यात हे गणित आहे. येथे मौज नाही. अंक, कोष्टके आणि प्रत्येक पायरीचा पुरावा आहे. वाचणारा तज्ज्ञ संशयी असतो, आणि त्याला आपली पायरी पुन्हा करून पाहता आली पाहिजे.

ह्याच जातीचे पुस्तक म्हणजे रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर इंग्रजीत लिहिलेले ‘इंडियन कॅलेंडर’. ते १८९६ साली लंडनमध्ये निघाले. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदू तारखांचे इंग्रजी तारखांत रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. त्याच्या प्रस्तावनेत एक वाचक असा सांगितला आहे की तो आमच्या मनात कधी आला नसता. तो म्हणजे न्यायाधीश. कचेरीत जुनी सनद पुढे येते. ती खरी की बनावट हे तिच्यावरची तिथी आणि वार जुळतात की नाही ह्यावरून पुष्कळदा कळते. खोटी सनद लिहिणाऱ्याला शाई जुनी करता येई, पण तीनशे वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला कोणता वार होता हे त्याला ठाऊक नसे. एखाद्याचे इनाम राहावे की जावे हे ह्या कोष्टकांवर ठरू शकत होते!

आणि त्याच १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून बाहेर पडला दीक्षितांचा मुख्य ग्रंथ, भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास. त्याचे मूळ दक्षिणा प्राइज कमिटीच्या पारितोषिकासाठी लिहिलेल्या निबंधात आहे. पेशवे श्रावणात शास्त्र्यांना जी दक्षिणा वाटीत तिचाच हा पैसा. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला की त्यातील काही मराठी ग्रंथांकडे वळवावा. वैदिक काळापासून आपल्या वेळच्या पंचांगवादापर्यंत सारे दीक्षितांनी ह्या ग्रंथात घेतले आहे.

हा ग्रंथ कोणासाठी? लोकांसाठी म्हणावे तर तो अतिशय कठीण आहे. तज्ज्ञांसाठी म्हणावे तर त्या वेळचे ह्या विषयाचे नामांकित तज्ज्ञ बॉन, लंडन आणि अलाहाबाद येथे बसलेले होते, आणि ते इंग्रजी-जर्मन वाचीत. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ इंग्रजीत लिहिले ते ह्याच कारणाने. त्यांना वाद घालावयाचा होता तो त्या पंडितांशी. मंडालेत लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली निघाले ते मात्र मराठीत, कारण तेथे वाचक निराळा होता. टिळकांची ही वाटणी सरळ आहे. दीक्षितांची तशी नाही. इंग्रजीचा रस्ता त्यांना अपरिचित नव्हता. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे एक विधान आहे. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत असल्या पाहिजेत, आणि ते इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांच्या काळातच शक्य होते, असे अनुमान त्यांनी त्यावरून काढले. हा निबंध त्यांनी १८९५ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त इंग्रजीतच प्रसिद्ध केला होता. त्या वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घेऊ नये, असा आक्षेप पुढे विंटरनित्स आदी विद्वानांनी घेतला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. (आज पुण्याहून पाहिले तर कृत्तिका पूर्वबिंदूच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतात. मात्र व्याख्यानांच्या ह्या दिवसांत त्या शोधू नयेत. वैशाखात त्या सूर्याच्या प्रकाशात बुडतात. कार्तिकात संध्याकाळी पूर्वेला पाहावे.)

तेव्हा जो मनुष्य इंग्रजीत लिहू शकत होता आणि ज्याचे इंग्रजी लेखन लंडनपर्यंत पोचत होते, त्याने आयुष्याचे सार मराठीत घातले. पारितोषिक मराठीसाठी होते एवढ्याने ह्याचा उलगडा होत नाही. आमचा तर्क असा की पंचांगाच्या वादात भांबावलेला गृहस्थ त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्याच्या हाती नुसती मौज दिली तर पुन्हा ग्रहलाघवाचीच गत व्हावयाची. उत्तर मिळेल, कारण मिळणार नाही. म्हणून ज्याला मराठी येते आणि परिश्रमाची तयारी आहे त्याला शास्त्राच्या तळापर्यंत उतरता यावे अशी ही विहीर त्यांनी खणली. तसा वाचक त्या दिवशी फारसा अस्तित्वात नव्हता, हे त्यांनाही कळत असलेच पाहिजे. ह्या निवडीची किंमत त्यांच्या कीर्तीला द्यावी लागली, ह्यात संशय नाही. ‘इंडियन कॅलेंडर’ जगभरच्या ग्रंथालयांत गेले. मराठी ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघण्यास १९३१ साल उजाडले.

आमच्या एका स्नेह्याचे म्हणणे असे की हा ग्रंथ इंग्रजीत असता तर बरे झाले असते. आम्हांस ते पटत नाही. मराठीत लोकांसाठी शास्त्र लिहिणारे आजही पुष्कळ आहेत. तज्ज्ञाने तज्ज्ञासाठी मराठीत लिहावे असे ग्रंथ विज्ञानात आता किती निघतात, ते ज्याने त्याने आपल्या कपाटाकडे पाहून मोजावे. दीक्षितांच्या पाठीमागे भास्कराचार्यांपासूनची संस्कृत परिभाषा होती, समोर नवे पाश्चात्त्य गणित होते, आणि दोन्ही एका मराठी वाक्यात बसविण्याची शक्ती त्यांच्यापाशी होती. केवळ ‘ज्योतिर्विलास’ लिहून ते थांबले असते तर मराठी भाषेला रात्रीच्या दोन घटका मिळाल्या असत्या, दिवस मिळाला नसता.

सायन पंचांगाचा त्यांचा पक्ष जिंकला की हरला हे सांगणे मात्र कठीण आहे. मेघनाद साहा यांच्या समितीच्या अहवालानंतर २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, भारत सरकारने जे राष्ट्रीय पंचांग स्वीकारले त्याचे महिने सायन आहेत. सरकारी कागदांवर ती तारीख छापली जाते. घरातील भिंतीवर मात्र निरयन पंचांगाचीच दिनदर्शिका लटकते, आणि संकष्टीचा चंद्रोदय आपण तिच्यातच पाहतो.

दीक्षितांच्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर १९५७ साली झाले. इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली भारत सरकारने प्रसिद्ध केला. हिंदी भाषांतर होईपर्यंत, म्हणजे सुमारे साठ वर्षे, भारतीय ज्योतिषाचा तो समग्र इतिहास ज्याला मुळातून वाचावयाचा असेल त्याला, तो कोठल्याही विद्यापीठात असो, आधी मराठी वाचता यावे लागत होते.